पाळक व्हायचं म्हणतोस, तर आधी हे वाच

माझ्यापुढे आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी 24 वर्षांचा आहे. बी.कॉम. झालंय, पतपेढीत नोकरी करतो. दोन वर्षांपासून पाळकीय सेवेत जावं, चर्चचा पाळक व्हावं असं सारखं मनात येतंय. आई म्हणते, उपाशी मरशील. आमचे पाळकसाहेब म्हणतात, या कामासारखा आनंद दुसरा नाही. नक्की काय समजायचं? गोड बोलू नका."

जय ख्रिस्त.

उपाशी कोणी मरत नाही, एवढं आईला आधी सांग. मी 1989 ते 2022 नगर आणि बीडकडच्या मंडळ्यांमध्ये (एका चर्चचे लोक म्हणजे एक मंडळी) पाळक होतो आणि तेवढ्या काळात माझं वजन अठरा किलोंनी वाढलं. घरभेटीला गेलं की चहा. चहा नको म्हटलं तर पोहे. पोहे नको म्हटलं तर माणूस रुसतो आणि पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसतो. दिवसाला नऊ कप चहा पिऊन मला मधुमेह झाला, माझ्या ओळखीच्या निम्म्या पाळकांना आहे.

पगार कमी असतो हे खरं. मला पहिला पगार 850 रुपये मिळाला, तोही दोन हप्त्यांत, कारण मंडळीची वर्गणी जमली नव्हती. पण पगाराचं रडगाणं गाण्यात अर्थ नाही, ते तुला आईनं आधीच ऐकवलंय. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरीच सोडून दिली, हे आपण व्यासपीठावरून मोठ्या कौतुकानं सांगतो. त्यानंतर घरात रोज काय शिजवायचं हा प्रश्न त्यांच्या बायकोपुढे, लक्ष्मीबाईंपुढे होता, हे सांगायचं राहून जातं. तुझं लग्न ठरलं असेल किंवा ठरायचं असेल, तर त्या मुलीला हे उत्तर वाचायला दे. मंडळी पाळक एक नेमते आणि कामाला दोन माणसं धरते. महिला मंडळ पाळकीणबाईंनी चालवायचं, संडेस्कूल पाळकीणबाईंनी बघायचं, रात्री अकराला दारात आलेल्या भांडलेल्या सुनेला पाळकीणबाईंनीच आत घ्यायचं. त्याचा पगार शून्य.

मुलांचं तर विचारूच नकोस. दर तीन-चार वर्षांनी बदली. माझ्या मुलीनं दहावीपर्यंत पाच शाळा बदलल्या. सहाव्या गावाचा आदेश आला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त वर्गाच्या फोटोवर मागे मैत्रिणींची नावं लिहीत बसली. मी विचारलं, नावं कशाला लिहितेस? म्हणाली, "मागच्या गावच्या मुलींची विसरले ना, पप्पा." आता ती पुण्यात आयटीत आहे, मजेत आहे. पण तो फोटो मी अजून पाहू शकत नाही.

आणि हो, पाळकगृह आपलं नसतं. निवृत्तीबरोबर किल्ली द्यायची. त्यामुळे पहिल्या पाच वर्षांत कुठेतरी एक गुंठा जागा घेऊन ठेव. हा सल्ला मला कोणी दिला नाही.

हे सगळं त्रासाचं आहे, पण याला माणूस सरावतो. ज्याला मी सरावलो नाही ते वेगळंच आहे.

मंडळीचं बाप्तिस्मा रजिस्टर पाळकाच्या ताब्यात असतं. तारीख, नाव, आईबापाचं नाव, साक्षीदार, सही. दिसायला साधी वही. आपल्या नगर-बीडकडच्या मंडळ्या बहुतांशी महार आणि मांग समाजातून आलेल्या घरांच्या आहेत, हे तुला ठाऊक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावात विहिरीवर वागणूक तीच, वस्ती तीच, पण कागदावर जात गेली. आता बघ काय होतं. एक बाई बारा वर्षं न चुकता उपासनेला येते. मुलगा हुशार आहे, तंत्रनिकेतनात शिकतो. ती मला म्हणते, "साहेब, पोराला बाप्तिस्मा द्या, पण वहीत नाव लिहू नका. जातीचा दाखला जाईल त्याचा."

काय करशील?

मी वहीत खोटं कधी लिहिलं नाही, आणि वहीबाहेर बाप्तिस्मा कधी दिला नाही. यात शौर्य काही नाही, कारण किंमत मला मोजावी लागली नाही. त्या मुलानं मोजली. प्रभुभोजनाची भाकर बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळते. त्या रविवारी सगळे उठून वेदीपाशी यायचे तेव्हा तो आणि त्याची आई मागे बसून राहायची. पहिल्या बाकावरच्यांपेक्षा त्यांचा विश्वास कमी नव्हता, हे मला माहीत होतं. महिन्यातून एकदा भाकर मोडताना मला ते दोघं दिसायचे. माझ्यानंतरच्या एका पाळकानं वेगळा निर्णय घेतला असं ऐकलं. त्याला मी चूक म्हणणार नाही. असे प्रश्न सेमिनरीत परीक्षेला येत नाहीत.

याच्या उलट प्रसंगही येतो. बाहेरचा कोणी येऊन म्हणतो, मला उद्याच बाप्तिस्मा हवाय. मी अशांना नेहमी थांबवलं. घरी सांगितलं का, बायकोला काय वाटतं, वर्षभर उपासनेला बस, मग बोलू. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनंतरचा, आणि मधल्या काळात त्या घराची कशी ताटातूट झाली हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. घाई करणाऱ्याला मी ती पाच वर्षं सांगायचो. हल्ली तर गावात साधी प्रार्थनासभा घेतली तरी कोणीतरी मोबाइल काढून उभा राहतो, त्यामुळे थांबण्याचं शहाणपण आणखीच लागतं. खरं तर माझ्या शेजारचे हिंदू लोक माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. माझी भांडणं झाली ती आपल्याच लोकांशी.

म्हणजे चर्चच्या कमिटीशी. कमिटीचं सविस्तर सांगत नाही, तू मंडळीतलाच आहेस. मिशनरी गेले, जमिनी राहिल्या, आणि शहरातल्या जमिनींचे भाव वाढले. तेव्हापासून कुठे धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज, कुठे कोर्टात तारीख, कुठे दोन गटांच्या दोन कमिट्या आणि चर्चला दोन कुलपं. तू ज्या गटाच्या घरी आधी चहा प्यालास त्या गटाचा झालास. मी एका ठिकाणी सलग दोन वर्षं कोणाच्याच घरी पहिला चहा प्यालो नाही, स्टँडवरच्या टपरीवर पिऊन मग घरभेटीला जायचो.

पण एक गोष्ट सांगतोच, कारण तिच्यात चूक माझी आहे. तालुक्याच्या गावी एक आजी होती, ऐंशीच्या पुढची. गुरुवारी तिनं नातवाला पाठवलं: पाळकसाहेबांना बोलावलंय, जरा लवकर या म्हणावं. त्या संध्याकाळी कमिटीची सभा होती, विषय होता कंपाउंडच्या गेटचा रंग. मी म्हटलं, शनिवारी येतो. आजी शुक्रवारी पहाटे गेली.

मी पोचलो तेव्हा दोन्ही मुलं अंगणात भांडत होती. शवपेटीचे पैसे कोणी द्यायचे? त्यात कमिटीतले एकजण हळूच मला म्हणाले, या घराची तीन वर्षांची वर्गणी थकलीय, दफनभूमीत जागा द्यायची का ते आधी ठरवू. त्या माणसाला मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पेटी उधारीवर आणली, खड्डा खणणाऱ्यांना मीच पैसे दिले. मुरूम लागला होता, दुपारचे चार वाजले.

पंधरा दिवसांनी सून पाळकगृहात आली. पिठाच्या डब्याच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत 2,300 रुपये सापडले होते. आजी तिला आधी म्हणाली होती, पेटीपुरते पैसे आहेत, पोरांच्या हातात द्यायचे नाहीत, पाळकसाहेबांच्या हातात द्यायचे आहेत. ती मला प्रार्थनेला नाही, त्यासाठी बोलावत होती. गेट शेवटी हिरवं रंगवलं. माझ्या बदलीपर्यंत मी रोज त्याच गेटातून आत-बाहेर करत होतो.

तेव्हापासून निरोप आला की मी सभेतून उठतो. लोक याला तऱ्हेवाईकपणा म्हणतात.

आता दिवस कसा असतो ते ऐक. एका शनिवारी सकाळी साडेदहाला मी एका तीस वर्षांच्या माणसाचं दफन केलं, अपघात होता. "मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ" म्हणत तीन मुठी टाकल्या. त्याची बायको रडत नव्हती. नुसती माझ्या मुठीकडे बघत होती. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला लग्न. घरी येऊन आंघोळ केली, दुसरा झगा घातला, आरशात बघून चेहरा जरा बरा केला. "आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा" असं बायबलात पौलानं रोमकरांना एकाच वाक्यात लिहिलं. दोन्ही एकाच दिवशी करायची वेळ आली तर मधे किती तास ठेवायचे, ते काही लिहिलं नाही.

लग्न पाचचं, पण वरात निघाली सव्वापाचला. बँड, ताशा, नवरदेवाचे मित्र नाचतायत. आता 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा म्हणतो की खास परवाना नसेल तर लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लागलं पाहिजे. इंग्रजांना आपली वरात माहीत नव्हती. साडेसहा वाजले, वरात पिंपळापाशी. शेवटी मी झगा सावरत रस्त्यावर गेलो आणि बँडवाल्याला म्हटलं, "मास्तर, सातनंतर हे लग्न मला लावता येणार नाही, मग तुमचे पैसे कोण देणार?" पाच मिनिटांत वरात दारात. सहा बावन्नला रजिस्टरवर सह्या झाल्या. रात्री घरी आल्यावर सकाळचं रडू मला तेव्हा आलं.

कोरड्या दिवसांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून दोन ओळी. 2003 मध्ये माझा धाकटा भाऊ गेला आणि पुढे जवळजवळ आठ महिने मला प्रार्थना करता येईना. रविवार तर दर आठवड्याला येतोच. छापील उपासनापद्धतीला आपल्यात नावं ठेवायची फॅशन आहे, मनापासून प्रार्थना हवी म्हणतात. माझ्या मनात काहीच नव्हतं. मी पुस्तक उघडून छापलेल्या ओळी वाचत गेलो आणि मंडळी "आमेन" म्हणत गेली. कोणाला कळलं नाही. एका रिटायर्ड बाईंना कळलं असावं. त्या दर रविवारी दारात हात मिळवताना माझा हात जरा जास्त वेळ धरायच्या, बोलायच्या काही नाहीत. तुझ्यावर असे दिवस येतील. सेवा सोडून पळू नकोस आणि खोटा उत्साहही आणू नकोस, नुसतं वाचत राहा.

आता आनंद. तुझ्या पाळकसाहेबांनी सांगितलंय म्हणतोस. बहुतेक कापणीच्या सणाचं सांगितलं असेल. तो आनंद आहेच. बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या, सगळं वेदीपुढे येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एकदा एक अंडं 40 रुपयांना गेलं, घेणाऱ्यानं परत दान केलं, मग 100 ला गेलं, परत दान. सातव्या फेरीला 600 रुपये झाले आणि मग ते एका पोराच्या हातून पडून फुटलं. चर्च इतकं हसलं की आशीर्वाद म्हणायला मला पाच मिनिटं थांबावं लागलं.

पण माझ्या मनात जे आहे ते 1998 च्या नाताळचं.

आमच्या पाथर्डी-आष्टीकडची अर्धी मंडळी दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. परत येतात ते गुढीपाडव्याच्या आसपास. म्हणजे नाताळला चर्चमध्ये म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी पोरं. आठ वर्षं मी अशाच रिकाम्या बाकांपुढे नाताळचा संदेश दिला, रंगीत कागद लावले, पेढे वाटले. त्या वर्षी एक म्हातारा सहज म्हणाला, "साहेब, पोरांचे आईबाप तिकडं, आन् नाताळ हिकडं."

मी 23 तारखेला ढोलकीवाल्याला मागे बसवून मोटारसायकल काढली आणि श्रीरामपूरकडच्या एका कारखान्याच्या तळावर गेलो. बातमी आधी पोचवली नव्हती, तेव्हा मोबाइल कोणाकडे होते! संध्याकाळी सहाला पोचलो तर कोप्यांमध्ये, म्हणजे त्यांच्या झोपड्यांमध्ये, कोणी नाही. फडातून ट्रक भरायचं चाललेलं. डोक्यावर उसाची मोळी, फळीवरून वर चढायचं, टाकायची, उतरायचं. बायकाही. मी वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, ढिगावर बसून राहिलो. ट्रक हलला तेव्हा साडेदहा झाले होते. मला वाटलं, आता ही माणसं झोपणार, आपण उगाच आलो. पण हातपाय धुऊन एकेक जण येऊन बसला. कोणीतरी पाचट पेटवलं. टिळकांचं एक भजन त्यांनीच सुरू केलं, ढोलकीवाला मागून धावत आला.

मी पाच पानी संदेश लिहून नेला होता. उजेडात दिसेना. म्हणून बायबलातला लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, तोंडानंच सांगायला लागलो. मेंढपाळ रानात राहून रात्री आपले कळप राखत होते, एवढं म्हटलं आणि अंधारातून एक आवाज आला, "म्हंजी रातपाळी व्हती त्येंची."

माझा संदेश तिथेच संपला. चार वर्षं बीडी, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी केली, ग्रीक शिकलो, त्या उताऱ्यावर भाष्यं वाचली. हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुढची चोवीस वर्षं मी प्रत्येक नाताळला तेच सांगत आलो, बोलणाऱ्याचं श्रेय देऊन.

प्रभुभोजनाची तर आणखीच तऱ्हा. मनुक्यांचा रस बाटलीत नेला होता तो शाबूत होता, पण पाव रेक्झिनच्या पिशवीत खालच्या बाजूला गेला आणि शंभर किलोमीटरच्या खड्ड्यांत त्याचा भुगा झाला. एका बाईनं दुपारची बाजरीची भाकरी आणून दिली. तीच मोडली. स्टीलचा एकच पेला. मी एकेकापुढे वाकून तुकडा देत गेलो. तोंडं दिसत नव्हती, जाळाच्या उजेडात नुसते हात दिसत होते. उसाच्या पात्यानं हात चिरलेले, तळव्यांवर काळ्या भेगा. एकीची दोन बोटं चिंधीनं बांधलेली. तिनं आधी दातांनी गाठ सोडली, चिंधी कमरेला खोचली, हात लुगड्याला पुसला आणि मग ओंजळ पुढे केली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. ढोलकीवाल्याला वाटलं मी पुढचं विसरलो, त्यानं हळूच सांगितलं, "हे माझे शरीर आहे, साहेब." मी विसरलो नव्हतो.

पहाटे चारला ते उठून पुन्हा फडात गेले. निघताना त्यांनी गाडीला वाढ्यांच्या दोन पेंढ्या बांधल्या. मी म्हटलं, अरे, माझ्याकडे म्हैस नाही. तर म्हणे, विका वाटेत. वाढी विकून त्यांचा चहा-साखरेचा खर्च सुटतो, हे मला नंतर कळलं.

आता तुझं. बीडीला प्रवेश घ्यायचा तर मंडळीची आणि धर्मप्रांताची शिफारस लागते. पुण्यात शिकायची सोय आहे, तिथवर तुझा तू पोचशील. नोकरी लगेच सोडू नकोस, एक वर्ष जाऊ दे. त्या वर्षात तुझ्या पाळकसाहेबांबरोबर रविवारी नको, मधल्या वारी हिंड: इस्पितळात, दफनभूमीत, तहसील कचेरीत. कमिटीच्या एका सभेत मागे बसून सभेचं इतिवृत्त लिही. तरीही वाटलं तर अर्ज कर.

आणि डिसेंबरात माझ्याकडे ये. मी निवृत्त झालो तरी 23 तारखेला तळावर जातो. आता एका मित्राची जीप असते, त्यामुळे पावाचा भुगा होत नाही, तरी आम्ही भाकरीच मोडतो. आईलाही आण, तिला कोपीत झोपायला बायका जागा करून देतील. थंडी फार असते, कानटोपी लागेल. येताना पाव किलो काळे मनुके घेऊन ये, आदल्या रात्री भिजत घालावे लागतात.